घोट्याचं हाड मोडलं, तर खर्च किती?

पाय मुरगळला की घरात दोन पक्ष पडतात: एक्स-रे काढा म्हणणारे आणि तेल लावून चोळू म्हणणारे. चोळू नका. घोट्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे बोटाने दाबून बघा. आतला नडगीच्या जाड हाडाचं टोक, बाहेरचा शेजारच्या बारीक हाडाचं. त्यांच्या टोकाला किंवा मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये हाडावरच दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली ही कसोटी आजही वापरात आहे.

खासगी केंद्रात एक्स-रेला साधारण काहीशे ते हजारभर रुपये लागतात. इथे काटकसर नको. समोरून, बाजूने आणि पाय जरा आत वळवून, असे तिन्ही काढून घ्या. या दोन हाडांच्या खोबणीत घोट्याचं तिसरं हाड, टॅलस, बसतं. ते बाहेरच्या बाजूला १ मिलिमीटर सरकलं तरी सांध्याचा स्पर्श सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असं १९७६ च्या एका अभ्यासात दिसलं. प्लास्टर की शस्त्रक्रिया, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

हाड जागेवर असेल तर प्लास्टर आणि तपासण्या मिळून काही हजारांत भागतं. फायबरचं महाग, पण हलकं. प्लेट-स्क्रू घालायचे तर शहरातल्या खासगी रुग्णालयात अंदाजे साठ हजार ते दीड लाख, मोठ्या रुग्णालयात त्याहून जास्त. बिल फुगतं ते खोलीने आणि प्लेटने. दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीला जीएसटी लागतो, आणि विम्यातल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर अनेक पॉलिसींत बाकीच्या खर्चालाही कात्री लागते. पुढे स्क्रू काढावा लागेल का, हेही आधीच विचारा. कामावरची रजा आणि फिजिओथेरपीही हिशेबात धरा.

सरकारचा रस्ता आधी तपासा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया तिच्यात बसते का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

खासगीत जाणार असाल, तर भरती होण्याआधी अंदाजपत्रक लेखी मागा, आणि त्यात प्लेट-स्क्रूची कंपनी आणि किंमत वेगळ्या ओळीत लिहून घ्या.