निशाण कसे असावे?

शाळेत वर्गावर्गांच्या चढाओढी सुरू झाल्या म्हणजे प्रत्येक वर्गास आपले एक निशाण असावे असे वाटू लागते, आणि ते काम साहजिकच चित्रकलेत गती असलेल्या विद्यार्थ्याकडे येते. तो बहुधा कागदावर एक सुंदर चित्र काढून आणतो. परंतु निशाण हे चित्र नव्हे. चित्र हाती घेऊन स्वस्थपणे न्याहाळावयाचे असते. निशाण दुरून, वाऱ्यावर फडफडत असता, पुष्कळदा डोळ्यांवर ऊन येत असता ओळखावयाचे असते. एवढी गोष्ट ध्यानात ठेविली म्हणजे बाकीचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात.

उत्तम नमुन्यासाठी आपणांस दूर जावयास नको. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात कोथळी येथून दरवर्षी मुक्ताबाईची पालखी पंढरपुरास निघते. तिच्यासोबतच्या वारकऱ्यांच्या खांद्यावरील पताका पाहा. रंग एकच, त्यावर अक्षर नाही, चित्र नाही. कित्येक दिवसांच्या वाटचालीत एकटा मनुष्य ती सहज वाहून नेतो, आणि टाळमृदंगाचा आवाज कानी येण्यापूर्वीच शेतापलीकडून ती दिसू लागते. मराठ्यांचे दोन टोकांचे भगवे निशाणही ह्याच जातीचे. त्याचे खरे बळ रंगात आहे तितकेच आकारात आहे. सायंकाळी सर्वच रंग काळसर दिसू लागतात, तेव्हा कापडाची ती दुभंगलेली कडा ओळख पटविते; शिवाय निमुळती टोके मंद वाऱ्यानेही हलतात. हल्ली निशाण म्हटले की आयताकृती कापड असे आपण धरूनच चालतो. नेपाळने मात्र आपले दोन त्रिकोणांचे राष्ट्रीय निशाण राखले आहे, आणि जगातील सर्व राष्ट्रांच्या रांगेत ते प्रथम ओळखू येते.

आता उलट उदाहरण घेऊ. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली येथे लॉर्ड लिटन यांनी मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. त्या प्रसंगी हिंदी संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण देण्यात आले. आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी जन्मलेले व दोनच वर्षांपूर्वी बडोद्याच्या गादीवर आलेले बाल सयाजीराव गायकवाडही त्या दरबारास होते. ही निशाणे रॉबर्ट टेलर नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने युरोपातील सरदारी ढालींच्या धर्तीवर सजविली होती. प्रत्येकावर त्या त्या घराण्याची चिन्हे मोठ्या कुसरीने काढलेली. आणि नक्षीकाम केलेल्या पितळी काठ्या तर इतक्या जड, की एक निशाण उचलावयास दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागत! जे उचलावयास दोघे लागतात ते वाऱ्यावर काय फडकणार? त्यांच्या कारागिरीस नाव ठेवण्याचे कारण नाही. तथापि भिंतीवर टांगण्याचा गालिचा आणि काठीवर लावण्याचे निशाण ह्यांत भेद आहे, तोच तेथे विसरला गेला.

ह्याहून अवघड प्रश्न आपल्याच तिरंग्यासंबंधी आहे. १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंग्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर चरखा होता. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे खेड्यातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, ते ह्याच निशाणाखाली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, त्या वेळच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे, हाती तिरंगा घेतलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. आणि तरीही त्या चरख्याच्या आकृतीत एक उणीव होती. तिचे एक अंग मोठ्या चाकाचे व दुसरे चातीचे. त्यामुळे कापडाच्या एका बाजूने चाक उजवीकडे दिसले तर दुसऱ्या बाजूने ते डावीकडे दिसे. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत निशाणाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी हीच अडचण सांगितली, आणि चरख्यातील केवळ चाक ठेवून त्याला अशोकाच्या चक्राचे रूप देण्यात आले. ते दोन्ही अंगांनी सारखेच दिसते.

कोणी म्हणेल, ज्यासाठी मुलांनी प्राण दिले त्यात दोष काढणे बरे नव्हे. मला तसे वाटत नाही. निशाणावरील प्रेम त्याच्या रेखाटनातून येत नाही, ते त्याखाली उभे राहिलेल्या माणसांमुळे येते. म्हणूनच त्या प्रेमास धक्का न लावता रेखाटनातील दोष दूर करता आला. तीन पट्टे तेच राहिले.

प्रांताच्या निशाणाचा प्रश्न आपल्या शेजारी कर्नाटकात निघाला आहे. तेथे पिवळा व तांबडा असे दोन पट्ट्यांचे निशाण लोकांत अनेक वर्षे रूढ आहे. उजळ रंगाशेजारी गडद रंग असल्यामुळे ते लांबून स्पष्ट दिसते. २०१८ साली तेथील सरकारने मध्ये पांढरा पट्टा घालून त्यावर गंडभेरुंड पक्षी असलेली राजमुद्रा घालण्याचे योजिले. मुद्रा कागदावर शोभते. पण शंभर पावलांवरून तिचा केवळ एक ठिपका दिसेल. माझे मत जुन्या निशाणाच्या बाजूने आहे.

महाराष्ट्र राज्यास वेगळे अधिकृत निशाण नाही, मग खानदेशाची गोष्ट तर दूरच. परंतु अभ्यास म्हणून ते काढून पाहावयास हरकत नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या तिन्ही जिल्ह्यांना मिळून एक निशाण काढा असे सांगितले तर पुष्कळ विद्यार्थी तापी, सातपुडा, केळीचा घड, कापसाचे बोंड, कानबाई, एखादा किल्ला असे सर्व काही एकाच कापडावर कोंबतील आणि खाली ‘खानदेश’ असे लिहितील. नाव लिहावे लागले म्हणजे चिन्ह बोलले नाही असेच समजावे. ह्यांतील एकच वस्तू निवडा. मी तापी निवडीन : आपल्या काळ्या जमिनीप्रमाणे काळे कापड आणि त्यावरून आडवा जाणारा एकच रुंद पांढरा पट्टा. तुम्ही केळ निवडाल तर घड न काढता पानच काढा, कारण घडातील केळी मोजीत बसण्यास पाहणाऱ्यास वेळ नसतो. ते पान काठीच्या बाजूस ठेवा. केळीचे खरे पान वाऱ्याने कडेपासून चिरत जाते, तसे निशाणही मोकळ्या टोकाकडून आधी विरते.

मग जुन्या धोतराच्या तुकड्यावर ते रंगवून काठीस बांधा, एका मित्रास मैदानाच्या दुसऱ्या टोकास ते धरून उभे करा, आणि ज्याने ते पूर्वी पाहिलेले नाही अशा धाकट्या भावंडास काय दिसते ते विचारा. नंतर घरी जाऊन ते त्याला आठवणीने पाटीवर काढू द्या.