वाचनाचा हक्क आणि सार्वजनिक ग्रंथालये

स्पर्धा परीक्षेच्या दालनात दृष्टिबाधित उमेदवारास लेखनिक मिळतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी किमान २० मिनिटांचा भरपाई वेळही मिळतो. परंतु त्या दालनात येण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे ज्या ग्रंथांचा अभ्यास करावयाचा, ते त्याला वाचता येतील अशा स्वरूपात उपलब्ध असतात काय? परीक्षेची सोय झाली, अभ्यासाची झाली नाही, अशी ही विसंगती आहे. तिची कारणे कायद्यात शोधण्याची प्रथा आहे. वास्तविक कायदा बराच पुढे गेला असून ग्रंथालये मागे राहिली आहेत.

वाचक कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे २.६८ कोटी असून त्यांपैकी ५०,३२,४६३ व्यक्तींना दृष्टिविषयक दिव्यांगत्व आहे. तथापि, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांचा वर्ग याहून मोठा आहे. डोळे निर्दोष असूनही डिस्लेक्सियामुळे अक्षरांची संगती न लागणारा विद्यार्थी, मेंदूच्या पक्षाघातामुळे पुस्तक हाती धरू न शकणारी व्यक्ती, कंपवातामुळे पान उलटू न शकणारे वृद्ध हे सर्व या वर्गात मोडतात. १९९५ च्या दिव्यांगविषयक कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश केला. ग्रंथालयातील 'अंध विभाग' ही जुनी कल्पना त्यामुळेच अपुरी ठरते.

ब्रेलपासून बोलक्या पुस्तकांपर्यंत

सहा टिंबांच्या ब्रेल लिपीत ६३ चिन्हे तयार होतात. भारतात विविध भाषांसाठी आरंभी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या, त्यामुळे एका प्रांतातील पुस्तक दुसऱ्या प्रांतात निरुपयोगी ठरत असे. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलने हा प्रश्न सोडविला. तिच्यात ध्वनीस चिन्ह दिलेले आहे, लिपीस नव्हे. मराठीतील 'क', बंगालीतील 'क' आणि तमिळमधील 'क' यांसाठी टिंबे तीच. मात्रा निराळी नसते, व्यंजनानंतर स्वरच लिहितात. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येते. छापील लिपींबाबत जे एकीकरण साधले नाही, ते स्पर्शलिपीत सात दशकांपूर्वीच साधले, हे नमूद करण्याजोगे आहे.

ब्रेलची अडचण आकाराची. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात, कागद जाड लागतो आणि एकच ग्रंथ अनेक खंडांत विभागला जातो. ध्वनिफितींवरील पुस्तकांनी हा भार हलका केला. परंतु फितीत हवे ते प्रकरण वा पृष्ठ नेमके गाठता येत नाही. संदर्भग्रंथासाठी ही उणीव गंभीरच. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी संघाने विकसित केलेल्या डिजिटल स्वरूपात ध्वनी आणि मजकूर यांची सांगड घातलेली असते. वाचक प्रकरण, परिच्छेद वा पृष्ठक्रमांकानुसार पुढेमागे जाऊ शकतो. एकच डिजिटल संहिता ऐकता येते, मोठ्या टायपात पाहता येते आणि ब्रेलमध्ये उमटविताही येते.

कायद्याची वाटचाल

कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये सुलभ स्वरूपातील प्रतींसाठी मूळात अपवाद नव्हता. प्रत्येक पुस्तकासाठी प्रकाशकाची परवानगी आवश्यक होती. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात सवलत आली, पण ती ब्रेलसारख्या 'विशेष स्वरूपां'पुरती होती. बहुसंख्य दृष्टिबाधितांना ब्रेल येत नाही आणि डिस्लेक्सिया असलेल्यांना तिचा उपयोगच नाही, असा आक्षेप संघटनांनी घेतला. परिणामी २०१२ च्या कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) नुसार 'कोणतेही सुलभ स्वरूप' हा व्यापक शब्दप्रयोग आला. वैयक्तिक वापर, शिक्षण वा संशोधन यांसाठी कोणतीही व्यक्ती अशी प्रत तयार करून दिव्यांग वाचकास देऊ शकते. संस्थांनी ती ना-नफा तत्त्वावर, केवळ निर्मितिखर्च घेऊन द्यावी आणि ती सर्वसाधारण बाजारात जाणार नाही याची दक्षता घ्यावी, एवढ्याच अटी आहेत. नफ्याच्या तत्त्वावर हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी कलम ३१ख अन्वये सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पुढाकाराने २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे करार झाला. २४ जून २०१४ रोजी त्यास अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला (हा मुद्दा परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा). वीस अनुसमर्थने पूर्ण झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आला. सुलभ प्रतींची देशादेशांतील देवाणघेवाण हे त्याचे वैशिष्ट्य. एका देशात तयार झालेले डेझी पुस्तक दुसऱ्या देशात नव्याने करण्याची गरज उरत नाही.

अडथळा नेमका कोठे?

सातव्या अनुसूचीत कॉपीराइट संघसूचीत, तर राज्यांची ग्रंथालये राज्यसूचीत येतात. केंद्राने मुभा दिली तरी प्रत तयार करावयाची कोणी, हे राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेवर अवलंबून राहते. २०१६ च्या अधिनियमातील कलम १७ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास मोफत पुस्तके देण्याची जबाबदारी आहे. पण ती वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. पदवी आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास नेमका त्यानंतर सुरू होतो.

ही पोकळी भरून काढण्याचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय'. केंद्राचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या या ऑनलाइन ग्रंथालयात विविध संस्थांचे संग्रह एकत्र आणले गेले.

तेथेही भारतीय भाषांपुढे एक खास अडचण आहे. इंग्रजी पुस्तकाची संगणकीय प्रत स्क्रीन रीडर सहज वाचतो. मराठीतील असंख्य पुस्तके मात्र युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळविलेली आहेत. पडद्यावर ती शुद्ध देवनागरी दिसतात. स्क्रीन रीडरला मात्र तीच अक्षरे असंबद्ध रोमन चिन्हे म्हणून भेटतात. छापील पान स्कॅन केले तर ते केवळ चित्र राहते. ओसीआरने त्याचा मजकूर करता येतो, परंतु जोडाक्षरे, रफार, अनुस्वार यांत चुका राहतात आणि त्या हातानेच दुरुस्त कराव्या लागतात. कोष्टके, नकाशे व आलेख यांचे शब्दांत वर्णन करावे लागते ते वेगळेच. भूगोल किंवा अर्थशास्त्राच्या अभ्यासकास याच भागाची गरज सर्वाधिक असते. प्रकाशकाने मूळ संहिता युनिकोडमध्ये दिली तर यातील बहुतेक श्रम वाचतात. आपल्याकडे त्याची सवय अद्याप रुळलेली नाही.

मोठ्या शहरांत चित्र थोडे बरे आहे. दिल्ली पब्लिक लायब्ररीत ब्रेल विभाग आहे. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवरील ग्रंथालयांना मात्र आपण या व्यवस्थेत काही करू शकतो याचीच जाणीव अनेकदा नसते. कलम ५२ मधील 'संस्था' या संज्ञेत शासनमान्य ग्रंथालय स्पष्टपणे समाविष्ट आहे. म्हणजे जिल्हा ग्रंथालयाला कोणाच्या परवानगीची वाट न पाहता वाचकाने मागितलेले पुस्तक सुलभ स्वरूपात करून देता येते. त्यासाठी स्कॅनर, संगणक, एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर आणि ओसीआरमधील चुका सुधारू शकणारा एक प्रशिक्षित कर्मचारी एवढी सामग्री पुरते. तयार झालेली प्रत सुगम्य पुस्तकालयात पोहोचली, तर तेच पुस्तक दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा पहिल्या पानापासून स्कॅन करावे लागत नाही.