कंपायलरचा ‘मार्च’

कॅडेट मित्रांनो, जीसीसी कंपायलरच्या सूचनांत ‘मार्च’ असा एक पर्याय दिसतो. त्याचा कवायतीशी संबंध नाही! ‘एम’ म्हणजे मशीन, ‘आर्च’ म्हणजे आर्किटेक्चर. प्रोग्राम कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचा, ते इथे सांगायचे.

काहीच सांगितले नाही, तर कंपायलर सावध राहतो. ६४-बिट इंटेल-एएमडी घराण्यातल्या जुन्यात जुन्या प्रोसेसरलाही कळतील अशाच आज्ञा तो वापरतो. त्यांत एका आज्ञेने ३२ बिटांच्या ४ संख्यांची बेरीज होते. २०११ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांत आलेल्या एव्हीएक्स आज्ञांनी ८ संख्यांची होते. पण ‘मार्च’मध्ये तसे सांगितले तरच.

याने काय बिघडते? पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. प्रत्येक अँटेनाचा संकेत उरलेल्या प्रत्येकीशी ताडून पाहायचा, म्हणजे ४३५ जोड्या, आणि आकाशातला संकेत कोणासाठी थांबत नाही. हिशेब मागे पडला की निरीक्षण हुकले. अशा ठिकाणी ४ आणि ८ मधला फरक मोठा असतो.

आता रास्पबेरी पाय. ‘पाय ४’चा प्रोसेसर कॉर्टेक्स-ए७२, ‘पाय ५’चा कॉर्टेक्स-ए७६. एआरएमवर ‘एमसीपीयू’ या पर्यायात हे नाव द्यावे. ए७२ साठी बांधलेला प्रोग्राम ‘पाय ५’वर चालतो. उलट केलेत तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून तो मध्येच कोसळू शकतो, कारण ए७६ च्या काही आज्ञा ए७२ ला ठाऊकच नाहीत. ‘नेटिव्ह’ लिहिले की कंपायलर समोरचे यंत्र पाहून स्वतःच ठरवतो. प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर न्यायचा असेल, तर ‘नेटिव्ह’ नको.

‘फास्ट-मॅथ’पासून मात्र जपून. तो बेरजेचा क्रम बदलायची मुभा देतो. ३२-बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये १० कोटींत १ मिळवून पुन्हा १० कोटी वजा केले, तर उत्तर ० येते. आधी वजाबाकी केली, तर १. तोफेच्या पल्ल्याच्या गणितात मी तो वापरणार नाही.

प्रयोगशाळेत करून पाहा: आधी नुसता ‘ओ-२’, मग त्याला प्रोसेसरचे नाव जोडून, मग ‘ओ-३’. ‘ओ-३’ नेहमीच जिंकतो असे नाही. दर वेळी उत्तरे जुळतात का ते आधी तपासा, मग ‘टाइम’ आज्ञेने वेळ मोजा. पहिली खेप धरू नका. तेव्हा फाइल डिस्कवरून यायची असते.