झाड तोडू नका, कातरा!

पाठ १७ • पातळी ३ • विषय : फोटो आणि भाषा

वाचण्यापूर्वी

फोनमध्ये एखाद्या झाडाचा फोटो उघडा आणि तो बोटांनी मोठा करा. पानांच्या मधल्या फटींतून काय दिसतं? फांदीची कड नक्की कुठे संपते? ते नीट पाहा आणि मग पुढे वाचा.

संवाद

(नात परदेशात आहे, आजोबा कोकणात. व्हिडिओ कॉल चालू आहे.)

नात : आजोबा, तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं आंब्याचं झाड मी तोडलं!

आजोबा : अगं, तोडलंस? का गं? तुझ्या पणजोबांनी लावलेलं झाड आहे ते!

नात : तसं नाही हो आजोबा! फोटोतून वेगळं काढलं. मंडळाच्या पोस्टरवर लावायचंय.

आजोबा : मग 'तोडलं' कशाला म्हणतेस? 'कातरलं' म्हण. तोडलेलं झाड परत येत नाही. कातरलेलं तुझ्याकडेही राहतं आणि माझ्या अंगणातही!

वाचन

१. झाडच का अवघड?

फोटोतून चेंडू किंवा पुस्तक वेगळं काढणं सोपं असतं. त्याच्या कडेने रेघ मारली की काम झालं. झाडाला मात्र अशी एक कड नसते. हजारो पानं असतात, बारीक डहाळ्या असतात आणि त्यांच्यामधून आकाश डोकावत असतं. हाताने रेघ मारायला बसलात, तर दिवस जाईल.

आजकाल बऱ्याच ॲपमध्ये एक बटण दाबलं की वस्तू आपोआप निवडली जाते. माणसांसाठी ते छान चालतं. झाडाचा बाहेरचा आकारही बरा मिळतो. पण पानांमधल्या फटींत जुनं आकाश बरेचदा तसंच राहतं. मग रात्रीच्या चित्रात ठेवलेल्या झाडात दुपारचे निळे ठिपके दिसतात!

२. निळ्या रंगाची युक्ती

संगणकावरचा रंगीत फोटो तीन चित्रांचा बनलेला असतो : लाल, हिरवं आणि निळं. यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक चॅनेल वेगळं पाहिलं, तर ते काळं-पांढरं दिसतं. साध्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा.

आता विचार करा. झाडाची पानं लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून ती आपल्याला हिरवी दिसतात. दिवसाच्या आकाशातून मात्र भरपूर निळा प्रकाश येतो. म्हणून निळ्या चॅनेलमध्ये आकाश जवळजवळ पांढरं आणि झाड जवळजवळ काळं दिसतं. म्हणजे अर्धं कातरकाम फोटोने आधीच केलेलं असतं!

३. कसं करायचं?

फोटोशॉपमध्ये हे करता येतं आणि फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्येही.

१. ज्यात झाडामागे मोकळं आकाश आहे असा फोटो निवडा. मूळ फोटोची एक प्रत जपून ठेवा.

२. तिन्ही चॅनेल एकेक करून पाहा. ज्यात झाड आणि आकाश यांच्यात सर्वांत जास्त फरक दिसतो ते निवडा. बहुतेक वेळा ते निळं असतं.

३. त्या चॅनेलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. मूळ चॅनेल बदललंत, तर सगळ्या फोटोचे रंग बिघडतील.

४. 'लेव्हल्स' वापरून आकाश अजून पांढरं आणि झाड अजून काळं करा. पण हात जरा आखडता ठेवा. डहाळ्यांच्या कडेचा करडा रंग थोडा राहू द्या. तो पूर्ण घालवला, तर पानं करवतीने कापल्यासारखी दिसतात.

५. उन्हात चमकणारं खोड पांढरट दिसत असेल. त्यावर ब्रशने काळा रंग भरा. खालचं गवत किंवा भिंत नको असेल, तर तिथे पांढरा भरा.

६. आता चित्र उलटं करा : काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. कारण मास्कमध्ये जिथे पांढरं तिथे दिसतं आणि जिथे काळं तिथे लपतं.

७. या चॅनेलवरून निवड करा, रंगीत फोटोकडे परत या आणि मास्क लावा. आकाश गायब होईल. ते पुसलं गेलेलं नाही, फक्त झाकलेलं आहे. चूक झाली तर मास्क दुरुस्त करता येतो.

आता मागे नवं चित्र ठेवा. पानांच्या कडेला निळसर रेघ दिसली, तर घाबरू नका. कडेच्या ठिपक्यांत पान आणि आकाश दोन्ही मिसळलेले असतात. त्या कडांवर पानांचाच रंग हलक्या ब्रशने द्या. शेवटी ऊन पाहा. झाडावर डावीकडून ऊन आणि घरावर उजवीकडून, असं झालं की बघणाऱ्याला लगेच खटकतं.

४. जुनी अडचण, नवी युक्ती

फोटो जोडण्याचं काम संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हे फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची चित्रं काढत होते. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाने फार लवकर उजळत. समुद्र नीट यावा म्हणून थोडा वेळ थांबलं, की आकाश अगदी पांढरं होई आणि ढग नाहीसे होत. मग ल ग्रे समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेत आणि छापताना दोन्ही जोडत. समुद्राची कड सरळ असते, म्हणून जोड दिसत नसे. मधे झाड आलं असतं, तर पंचाईत झाली असती.

गंमत पाहा : निळ्यात आकाश पांढरं होणं ही त्यांची अडचण होती. आज तीच आपली युक्ती आहे.

५. कुठे चालतं, कुठे नाही?

वटपौर्णिमेच्या पोस्टरवर वड लावा, शुभेच्छापत्रावर गुलमोहर लावा. त्यात कोणाची फसवणूक नाही. पण बातमीच्या फोटोत झाड घालणं किंवा काढणं चालत नाही, कारण लोक तो पुरावा म्हणून पाहतात. घर विकताना जाहिरातीत नसलेली झाडं दाखवली, तर घेणारा सावली मिळेल या आशेने पैसे देतो आणि त्याला मिळतं ऊन. म्हणून बदललेल्या चित्राखाली दोन शब्द लिहा : 'संपादित चित्र'.

आणि खरं झाड? महाराष्ट्रातल्या शहरांत ते तोडायला परवानगी लागते. त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. मास्क काढला की फोटोतलं आकाश परत येतं. अंगणातल्या झाडाला अशी सोय नाही.

शब्दार्थ

डहाळी – बारीक, कोवळी फांदी
फट – दोन वस्तूंमधली अरुंद मोकळी जागा
करडा – काळा आणि पांढरा यांच्या मधला रंग
हात आखडता ठेवणे – बेताने वापरणे
खटकणे – काहीतरी चुकतंय असं मनाला वाटणे
पंचाईत होणे – अडचणीत सापडणे

भाषेची गंमत

मराठीत सगळंच 'कापत' नाहीत. कागद कातरतात, भाजी चिरतात, फूल खुडतात, फांद्या छाटतात, लाकूड फोडतात, ऊस तोडतात, नखं मात्र कापतात.

योग्य शब्द भरा :
१. आजीने देवासाठी जास्वंदीचं फूल ______.
२. बाबा, कांदा बारीक ______ हं!
३. माळ्याने कुंपणावर आलेल्या फांद्या ______.
४. ताईने रंगीत कागद ______ आणि पताका केल्या.

सांगा पाहू

१. आजोबा आधी का दचकले?
२. चॅनेलची प्रत का काढायची?
३. सूर्यास्ताच्या फोटोत आकाश केशरी आहे आणि झाड काळं दिसतंय. अशा वेळी निळं चॅनेल उपयोगी पडेल का? कोणतं चॅनेल आधी पाहाल? कारण सांगा.

लिहा

तुमच्या घराजवळचं एक झाड फोटोतून कातरा आणि आजी-आजोबांच्या अंगणाच्या फोटोत ठेवा. खाली 'संपादित चित्र' असं लिहा. मग आठ ओळींत सांगा : हे झाड तिथे खरंच जगेल का? हवा, पाऊस आणि ऊन यांचा विचार करून उत्तर लिहा. आजी-आजोबांनाही विचारा, त्यांना नक्की माहीत असेल.