ट्रेनरचा आहार-सल्ला कुठवर मानावा?

चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात खेळाडूला खाण्यापिण्याविषयी सांगणारे माणूस बहुधा एकच असते: शाळेचे पीटीचे सर, तालमीतले वस्ताद किंवा भरतीचा सराव घेणारे ट्रेनर. आहारतज्ज्ञ गाठायचा तर शहर गाठावे लागते. त्यामुळे या एका माणसाच्या शब्दाला फार वजन येते. या वेळची पत्रे त्याच शब्दाविषयी आहेत.

शंका : मी पोलीस भरतीची तयारी करतो. वजन 60 किलो. पहाटे उपाशीपोटी धावतो, नंतर शेतात जातो आणि अकराच्या सुमारास जेवतो. ट्रेनर म्हणतात, प्रोटीन पावडरचा डबा घेतल्याशिवाय स्टॅमिना येणार नाही. कर्ज काढून डबा घ्यावा का?
– एक युवक, उंद्री

समाधान : घेऊ नका. 1600 मीटर धावण्यासाठी स्नायूंना मुख्यतः पिष्टमय पदार्थांची ऊर्जा लागते. ती भाकरी, पोळी, भात, केळी, गूळ यांतून मिळते. तुमची खरी अडचण सरावानंतरच्या लांबलेल्या उपासात आहे. धावण्याआधी अर्धा-पाऊण तास एखादे केळे किंवा गुळाचा खडा खा. धावून आल्यावर तासाभरात भाकरी, वरण किंवा उसळ पोटात जाऊ द्या. शेतावर जाताना भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाणे-गूळ सोबत न्या.

आता प्रथिनांचा हिशेब. नियमित कसून सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने पुरतात. तुम्ही 1.4 धरा, म्हणजे सुमारे 84 ग्रॅम. दिवसभरात 400 ग्रॅम ज्वारी-गव्हातून सुमारे 40, 75 ग्रॅम तूरडाळीतून 16, मूठभर म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाण्यांतून 12 आणि अर्धा लिटर दुधातून 16 ग्रॅम मिळतात. बेरीज तिथेच पूर्ण होते. अंडी खात असाल तर प्रत्येकी सहा ग्रॅमची भर पडते. आपल्या भागात सोयाबीन मुबलक आहे, पण ते कच्चे खाऊ नका. त्यातले काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात आणि नीट शिजवल्यावर निष्प्रभ होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्येही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

शंका : माझी मुलगी 16 वर्षांची, कबड्डी खेळते. चपळाई वाढावी म्हणून सरांनी वजन कमी करायला सांगितले. तिने रात्रीचे जेवण सोडले. आता ती लवकर दमते आणि चार महिन्यांपासून पाळी आलेली नाही. सर म्हणतात, खेळणाऱ्या मुलींचे असे होतेच.
– एक आई, अमडापूर परिसर

समाधान : ताई, हे चालवून घेऊ नका. सलग तीन महिने पाळी न येणे हे डॉक्टरांना दाखवण्याचेच कारण आहे. सराव जास्त आणि खाणे कमी झाले की शरीर ऊर्जा वाचवू लागते. त्यात पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेबद्दल स्वतंत्र निवेदन काढून प्रशिक्षकांना सावध केले आहे. वाढीच्या वयात हाडांचे झालेले नुकसान पुढे भरून काढणे अवघड असते.

रात्रीचे जेवण आजपासून सुरू करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात ते 12 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजावा आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. जेवणात डाळी आणि पालेभाजी असू द्या, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा नको, तो नेमके उलटे करतो. डॉक्टर काय सांगतात ते सरांनाही भेटून सांगा. त्यांच्या हाताखाली आणखी मुली असतील.

शंका : मला 57 किलो गटात उतरायचे आहे, वजन 61 आहे. वस्ताद म्हणतात, शेवटचे दोन दिवस पाणी बंद कर, जाड कपडे घालून पळ.
– एक मल्ल, चिखली तालुका

समाधान : हा मार्ग जीवघेणा आहे. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल याच पद्धतीने वजन उतरवताना साधारण महिन्याभरात दगावले. त्यानंतर तिथे नियम कडक झाले. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट नको, असे बंधन आले. तुमच्यासाठी हे आठवड्याला साधारण 900 ग्रॅम होतात, म्हणजे चार किलोंना निदान पाच आठवडे. तेवढा वेळ हाताशी नसेल तर वरच्या गटात लढा. पाणी घटून शरीराचे वजन दोन टक्क्यांनी उतरले तरी दम कमी होऊ लागतो.

शंका : मी शाळेत खेळ शिकवतो. मुले आहाराचे सगळे मलाच विचारतात. मला कितपत सांगता येईल?
– एक क्रीडाशिक्षक, उंद्री परिसर

समाधान : सर, हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आहारशास्त्र असते, पण त्याचा वाटा लहान असतो. ही अडचण जगभर आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाविषयीची एक पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. क्रीडा-पोषणाच्या परीक्षेत 75 टक्के गुणांची पायरी प्रशिक्षकांपैकी सुमारे 36 टक्क्यांनीच गाठली. दुखापतींची देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित ट्रेनरांमध्ये हे प्रमाण 71 टक्के होते, तर खेळाडूंमध्ये अवघे 9 टक्के. म्हणजे तुमच्यापाशी पूर्ण ज्ञान नसले तरी मुलांना तुमच्याशिवाय आधार नाही.

म्हणून काय सांगायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवून घ्या. वेळेवर जेवण, सरावाआधी आणि नंतर काय खावे, घरच्या अन्नातली प्रथिने, पाणी किती प्यावे, हे निःशंक सांगा. सरावाआधी आणि नंतर मुलांचे वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी हळूहळू प्यायला लावा. उन्हाळ्यात त्यात मीठ, साखर, लिंबू घाला. मात्र वारंवार चक्कर, थांबलेली पाळी, झपाट्याने घटलेले वजन, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मुलाला डॉक्टरांकडे पाठवा.

पावडर, गोळी, इंजेक्शन कधीही सुचवू नका. भेसळीच्या डब्यात बंदी असलेले द्रव्य निघाले तर शिक्षा खेळाडूला होते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात 2016 मध्ये स्टेरॉइड आढळले. ते आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेने ते मानले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मात्र ऐन रिओ ऑलिंपिकमध्ये चार वर्षांची बंदी घातली. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा नियम गावातल्या मुलांनाही पहिल्या दिवसापासून माहीत हवा.

सर्व सर, वस्ताद आणि ट्रेनर यांना माझी विनंती आहे: मुलांना आधी घरचे ताट नीट भरायला शिकवा, आणि जे ठाऊक नाही तिथे ‘डॉक्टरांना विचारू’ असे स्पष्ट सांगा. मुलांचा तुमच्यावरचा विश्वास त्याने वाढेलच.