संघासाठी चेंडू

व्हॉलीबॉलच्या जन्माबरोबरच चेंडूचा शोध सुरू झाला. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन या व्यायामशिक्षकाने हा खेळ बसवला. आधी त्याने बास्केटबॉलच्या आतला रबरी ब्लॅडर वापरून पाहिला. तो फार हलका होता, हवेत नुसता रेंगाळत राही. मग त्याने अख्खा बास्केटबॉल घेतला. तो जड पडला. शेवटी स्पॉल्डिंग या क्रीडासाहित्याच्या कंपनीकडून त्याने या खेळासाठी वेगळा चेंडू करवून घेतला. त्याचा घेर २५ ते २७ इंच आणि वजन ९ ते १२ औंस होते. आजच्या नियमातला चेंडू त्याच्या जवळपासच आहे: घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम.

कोणता चेंडू घ्यावा, हा प्रश्न म्हणजे खेळाइतकाच जुना. या पाठात तोच प्रश्न कतारमधल्या एका संघापुढे ठेवला आहे.

कतारमधले मैदान

कतार हा आखातातला छोटा देश. नोकरीधंद्यासाठी तिथे भारत, नेपाळ, श्रीलंका अशा अनेक देशांचे लोक राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. श्रीलंकेचा राष्ट्रीय खेळ व्हॉलीबॉल आहे, २०१७ पासून नेपाळचाही तोच आहे, आणि केरळात तर गावोगावी त्याचे वेड आहे. त्यामुळे कतारमध्ये जाळे बांधले की खेळायला माणसे कमी पडत नाहीत. २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षे जागतिक क्लब अजिंक्यपद स्पर्धा राजधानी दोहा येथे झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, शेरीफ आणि अहमद या कतारच्या जोडीने वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये कांस्यपदक मिळवले. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार हा तिथे राष्ट्रीय क्रीडा दिन असतो आणि त्या दिवशी सुट्टी असते.

तिथल्या अनेक कामगारांना मात्र आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळतो, तो म्हणजे शुक्रवार. त्या एका संध्याकाळी चेंडूतली हवा गेली किंवा शिवण उसवली, तर पुढचा खेळ थेट आठवड्याने. म्हणून चेंडूची पारख नीट व्हायला हवी.

सहाशे रियालचा हिशेब

समजा, दोह्यातल्या बारा मराठी मंडळींनी संघ काढला. प्रत्येकी ५० रियाल वर्गणी जमवली. हाती ६०० रियाल आले. (पुढचे भावही हिशेबापुरते धरले आहेत.) आता दोघांत बोलणे सुरू होते.

"काका, ३०० रियालचा एकच भारी चेंडू घेऊ या. सामन्यात वापरतात तसला. उरलेले पैसे शिल्लक ठेवू."

"अरे, एक चेंडू बारा जणांना कसा पुरायचा? एक जण मारणार आणि अकरा जण बघत बसणार."

"मग ५०चे बारा घेऊ. माणशी एक!"

"आणि महिन्याभरात त्यांचे पोपडे निघाले तर? पुन्हा वर्गणी मागायला कोण जाणार, तू का मी?"

दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. तिसरा मार्ग असा: मध्यम प्रतीचे, १४० रियालचे चार नग घ्यावेत. त्याचे झाले ५६०. उरलेल्या ४० रियालमध्ये हवेचा पंप, दोन-तीन सुया आणि जाळीची पिशवी बसवावी. चार चेंडूंवर तिघा-तिघांचे चार गट एकाच वेळी सराव करू शकतात आणि कोणीही बघ्या राहत नाही.

हे चारही चेंडू एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे असावेत. एका सामन्यात वापरायचे सगळे चेंडू एकसारखे असावेत, असे खेळाचे नियमही सांगतात. सरावाचा चेंडू हलका आणि सामन्याचा जड असला, तर हाताला लागलेली सवय ऐन वेळी फसवते. 'एकाच माळेचे मणी' हा एरवी टोमणा असतो, पण संघाच्या चेंडूंसाठी ती शाबासकी आहे.

जागा पाहून चेंडू

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवावी: आपण खेळणार कुठे?

*बंद सभागृहात*, लाकडी किंवा गुळगुळीत फरशीवर खेळायचे असेल, तर मऊ कृत्रिम चामड्याचा चेंडू घ्यावा. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१९ पासून वापरला जाणारा मिकासा कंपनीचा व्ही-२०० डब्ल्यू हा चेंडू याच जातीचा आहे. त्याला १८ पट्ट्या असतात. मिकासा ही जपानमधल्या हिरोशिमाची कंपनी आहे.

*वाळूवर* खेळायचे असेल, तर वाळूसाठीचा वेगळा चेंडू मिळतो. त्याचे वजन तेवढेच असते, पण घेर किंचित मोठा, ६६ ते ६८ सेंटिमीटर असतो आणि हवा बरीच कमी भरतात. तो सहसा शिवलेला असतो आणि त्याचे आवरण ओल सोसते. सभागृहातला चेंडू वाळूत नेला, तर कण त्याचा पृष्ठभाग घासून काढतात.

*इमारतीच्या आवारात किंवा काँक्रीटवर* खेळायचे असेल, तर भारी चेंडू नेऊच नये. खरखरीत जमीन त्याची मऊ कातडी थोड्याच दिवसांत सोलते. तिथे जाड आवरणाचा, टिकाऊ चेंडू बरा. तो हाताला थोडा कडक लागतो, पण पैसे वाया जात नाहीत.

*लहान मुलांसाठी* मोठ्यांचा चेंडू घेऊ नये. जपानमध्ये माध्यमिक शाळेतली मुले ६२ ते ६४ सेंटिमीटर घेराचा, २४० ते २६० ग्रॅमचा चेंडू वापरतात, तर प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी २०० ते २२० ग्रॅमचा हलका चेंडू असतो. जड चेंडू मनगटावर सटकन बसला की मूल हात मागे घ्यायला शिकते. ती भीती मग सहजासहजी जात नाही.

दुकानातली पारख

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.' चेंडूवरचे नाव वाचून थांबू नये. शिंप्याची टेप आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा सोबत न्यावा. टेपने घेर दोन-तीन दिशांनी मोजावा. आकडे जुळले, तर चेंडू गोल आहे. मग तो स्वतःभोवती फिरेल असा वर उडवावा. फिरताना डगमगला, तर वजन एका बाजूला जास्त आहे असे समजावे. पट्ट्यांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवावा. कुठे कड उचललेली नसावी. शेवटी दोन चेंडू एकाच उंचीवरून एकाच फरशीवर सोडावेत. हवा सारखी असेल, तर त्यांची उसळीही सारखीच हवी.

नामांकित कंपनीचा चेंडू कोणी फारच स्वस्तात देऊ लागला, तर तो नकली असण्याची शंका घ्यावी. भारतातून कोणी येणार असेल, तर तिकडून मागवण्याचाही विचार करता येतो. जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडची क्रीडासाहित्याची मोठी केंद्रे आहेत. १९४७च्या फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे हा धंदा उभा केला. हवा काढलेले चेंडू सामानात फारशी जागाही घेत नाहीत. मात्र इथेही पक्की पावती घ्यावी, कारण वर्गणीचा हिशेब सगळ्यांना दाखवायचा असतो.

हवेचे गणित

चेंडू चांगला निघाला, तरी कतारमध्ये एक अडचण उरते, ती म्हणजे उन्हाळा. तिथे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करून घ्यायला सरकारची मनाई आहे. घरात मात्र वातानुकूलन असते. हा फरक चेंडूला कळतो.

सभागृहातल्या चेंडूत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो असावा, असा नियम आहे. घरात २४ अंशांवर तो बरोबर ०.३० भरला आणि चेंडू ४० अंशांच्या उघड्या हवेत नेला, तर आतली हवा तापते आणि दाब सुमारे ०.३७ होतो. चेंडू दगडासारखा लागतो आणि बोटे दुखावतात. उलट, बाहेरच्या उन्हात ०.३० भरून तो थंड सभागृहात आणला, तर दाब सुमारे ०.२३ पर्यंत उतरतो आणि चेंडू मरगळतो. अशा वेळी दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. जिथे खेळायचे तिथे चेंडू अर्धा तास ठेवावा आणि मगच हवा मोजून भरावी. वाळूवरच्या चेंडूत हा दाब ०.१७५ ते ०.२२५ पुरतो.

हवा भरताना सुई आधी ओली करावी आणि सरळ आत घालावी. कोरडी सुई वाकडी खुपसली, तर वॉल्व्ह फाटतो. चेंडूवर बसू नये, त्याने तो लांबट होतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चेंडू ठेवू नये. तिथल्या उष्णतेने डिंक सुटतो आणि पट्ट्या उचलतात. पिशवी घरी कोणी न्यायची, याची पाळी आधीच ठरवून द्यावी. सगळ्यांची वस्तू सांभाळायला ठरलेले माणूस नसले, तर ती कोणीच सांभाळत नाही.

शब्दांची ओळख

पारख – वस्तू चांगली की वाईट हे ओळखणे
वर्गणी – सर्वांनी मिळून दिलेले पैसे
घेर – गोल वस्तूभोवतीचे माप
नग – मोजायची एक वस्तू
बघ्या – काही न करता नुसता पाहत राहणारा
मरगळणे – जोर जाऊन ढिले पडणे

स्वाध्याय

१. मॉर्गनने पहिले दोन चेंडू का सोडून दिले?
२. संघात अठरा जण आहेत आणि प्रत्येकाने ५० रियाल दिले आहेत. १४० रियालचे किती चेंडू येतील? पंप आणि पिशवीला किती उरतील?
३. घरातला कोणताही चेंडू घ्या. टेपने त्याचा घेर तीन दिशांनी मोजा आणि आकडे वहीत लिहा.
४. 'एकाच माळेचे मणी' हे शब्द एकदा टोमणा म्हणून आणि एकदा कौतुक म्हणून वाक्यात वापरा.
५. काका आणि तरुण यांचे बोलणे पुढे वाढवा. तरुणाला तिसरा मार्ग पटतो का? पाच वाक्ये लिहा.