हळदीचा रंग मिठाने पक्का होतो का?

प्रश्न: हळदीत रंगवलेली सुती ओढणी दोन महिन्यांत फिकी पडली. नंतर मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली असती तर रंग टिकला असता का?

उत्तर: नाही. हळदीतले कर्क्युमिन सुताला सहज लागते, पण उन्हात त्याचे रेणूच मोडतात. मोडणाऱ्या रेणूला मीठ काय धरून ठेवणार? मग बाजारच्या रंगाच्या पुडीवर मीठ घालायला सांगतात ते उगाच का, असे कोणी विचारेल. उगाच नाही, पण ते रंगाच्या पाण्यातच घालायचे असते, रंग सुताकडे ढकलण्यासाठी. चढलेला रंग पक्का करणे हे त्याचे काम नव्हे. व्हिनेगरची आम्लता लोकर-रेशमाच्या रंगांना लागते, सुताला नाही. तुरटीने हळद धुण्यात थोडी तगते, उन्हात फारशी नाही. टिकाऊ पिवळा हवा असेल तर कापड आधी हिरड्याच्या, मग तुरटीच्या पाण्यातून काढून डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात उकळा. छटा मातकट येईल, हळदीचा झगझगीतपणा मात्र विसरा. तोच हवा असेल तर ओढणी सावलीत वाळवा आणि फिकी पडली की पुन्हा रंगवा. हळद काही महाग नाही.